दुचाकीच्या केबल्स : निगा, वंगण आणि सुरक्षा

परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुधाच्या कॅन लावून पहाटे शहराकडे निघणारा शेतकरी, आडगावच्या शाळेवर जाणारे शिक्षक, बाजार समितीत खेपा घालणारे व्यापारी, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कर्मचारी, महाविद्यालयीन तरुण अशा असंख्य लोकांचा दिवस दुचाकीवरच सुरू होतो आणि दुचाकीवरच संपतो. साहजिकच गाडीच्या देखभालीकडे लक्ष दिले जाते. इंजिन ऑइल वेळेवर बदलले जाते, टायरमधील हवा पाहिली जाते, साखळीला ग्रीस लावले जाते. मात्र क्लच, ब्रेक आणि एक्सिलेटर यांना चालकाच्या हाताशी जोडणाऱ्या केबल्सकडे त्या तुटेपर्यंत कोणी पाहत नाही.

या दुर्लक्षाला एक कारण आहे. केबल एका दिवसात खराब होत नाही. ती रोज थोडी थोडी जड होत जाते आणि चालकाच्या हाताला त्या जडपणाची सवय होत जाते. दुसऱ्याची तीच गाडी चालवायला घेतल्यावर 'आपला क्लच किती कडक झाला आहे' हे अचानक उमगते. म्हणूनच केबलची निगा हाताच्या अंदाजावर न सोडता ठरावीक काळाने तपासून करणे आवश्यक असते. हे काम अवघड नाही, खर्चाचेही नाही. त्यामागील तत्त्व समजून घेतले तर बहुतेक भाग घरच्या घरी करता येतो.

केबलची रचना

गॅरेजमध्ये जिला 'क्लच वायर' किंवा 'ब्रेक वायर' म्हटले जाते, ती प्रत्यक्षात एक तार नसते. तिचे दोन मुख्य भाग असतात. आतील भाग म्हणजे पोलादाच्या अनेक बारीक तारा पीळ देऊन बनवलेला दोर. मेकॅनिक त्याला 'इनर' म्हणतात. त्याच्या टोकांना धातूचे छोटे गोळे किंवा नळकांड्या ओतून बसवलेल्या असतात, त्यांना निप्पल म्हणतात. लिव्हरच्या खोबणीत बसते ते हेच निप्पल.

बाहेरील भाग म्हणजे 'आउटर'. पोलादी पट्टी किंवा तार स्प्रिंगसारखी गुंडाळून ही नळी बनवलेली असते आणि तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण असते. नळीला बाक देता येतो, पण ती लांबीच्या दिशेने दबत नाही. त्यामुळे लिव्हर ओढल्यावर आतील दोर नळीच्या तुलनेत सरकतो आणि ओढ थेट दुसऱ्या टोकाला पोहोचते. हँडल कितीही वळले तरी क्लच किंवा ब्रेक काम करतो तो या रचनेमुळे.

अलीकडच्या बहुतेक केबल्समध्ये नळीच्या आत नायलॉन किंवा टेफ्लॉनसारख्या गुळगुळीत पदार्थाचे अस्तर असते. त्यामुळे पोलाद पोलादावर घासत नाही. जुन्या गाड्यांच्या केबल्समध्ये आणि काही हलक्या प्रतीच्या सुट्या केबल्समध्ये असे अस्तर नसते. वंगण कोणते वापरावे हे ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

सायकलपासून मोटारसायकलपर्यंत

या प्रकारच्या केबलला तांत्रिक भाषेत 'बोडेन केबल' म्हणतात. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन या आयरिश संशोधकाने १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले. सुरुवातीला तिचा उपयोग सायकलच्या ब्रेकसाठी झाला. आपल्याकडे जुन्या काळ्या सायकलींना पोलादी कांब्यांचे ब्रेक असत. कांबीला बाक देता येत नाही, म्हणून तिला जागोजागी सांधे लागत. केबलने ही अडचण संपवली आणि पुढे मोटारसायकल, मोटार, विमान अशा अनेक यंत्रांत तिचा प्रसार झाला.

महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना ही केबल चांगलीच परिचित आहे. बजाज चेतक स्कूटर आणि एम-८० या गाड्यांत गिअरही डाव्या मुठीने, म्हणजे केबलच्या साह्यानेच बदलावे लागत. या केबल्स घट्ट झाल्या की गिअर पडत नसे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी-१०० आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर बाजारात आली. त्याच १९८५ साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाल्याने दुचाकी उद्योग मराठवाड्यातही आला. गिअर पायाकडे गेले, तरी क्लच, एक्सिलेटर, पुढचा ड्रम ब्रेक आणि चोक यांच्या केबल्स कायम राहिल्या.

आज काही महागड्या मोटारसायकलींत एक्सिलेटरची केबल जाऊन इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली आहे. डिस्क ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. परंतु १०० ते १२५ सीसीच्या ज्या गाड्या परभणीच्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसतात, त्यांत केबलचे स्थान अद्याप अबाधित आहे. इतकेच नव्हे, १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची 'सीबीएस' यंत्रणा किंवा चाक जाम होऊ न देणारी 'एबीएस' यंत्रणा बंधनकारक झाली. पुढे ड्रम ब्रेक असलेल्या सीबीएसच्या मोटारसायकलींमध्ये मागच्या ब्रेकचे पेडल दाबले की एक केबल पुढचा ब्रेकही ओढते. म्हणजे पुढचा ब्रेक कधीच न वापरणाऱ्या चालकाचीही सुरक्षा आता त्या केबलवर अवलंबून आहे.

घर्षणाचे गणित

केबल सरळ असेल तर तिच्यात घर्षण थोडे असते. ती जितकी वळते तितका आतील दोर नळीच्या भिंतीवर दाबला जातो आणि घर्षण वाढते. ही वाढ साध्या बेरजेने होत नाही, ती गुणाकाराने होते. विहिरीच्या खांबाला दोराचे दोन वेढे दिले की जड ओझेही एका हाताने धरता येते, त्यामागील नियम हाच आहे. तेथे उपयोगी पडणारे घर्षण येथे शत्रू ठरते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, लिव्हरपासून इंजिनपर्यंतच्या केबलच्या सर्व वळणांची बेरीज १८० अंश आहे. आतील भाग स्वच्छ व गुळगुळीत असून घर्षणांक ०.१ असेल, तर हाताने लावलेल्या बलापैकी सुमारे ७३ टक्के बल दुसऱ्या टोकाला पोहोचते. तीच केबल कोरडी पडून, गंजून घर्षणांक ०.३ झाला, तर केवळ ३९ टक्के बल पोहोचते. उरलेले ६१ टक्के बल केबल झिजवण्यात खर्च होते. ब्रेकच्या बाबतीत याचा अर्थ असा, की चालकाने पूर्वीइतक्याच जोराने लिव्हर दाबला तरी ड्रमपर्यंत जवळपास निम्माच जोर जातो.

परतीच्या प्रवासालाही हाच नियम लागू आहे. एक्सिलेटरची मूठ सोडल्यावर ती आपोआप मागे येते, कारण दुसऱ्या टोकाची स्प्रिंग दोर खेचून घेते. ही स्प्रिंग हाताइतकी बलवान नसते. केबल जड झाली की मूठ सोडल्यावरही वेग हळूहळू कमी होतो आणि घर्षण फारच वाढले तर कमी होतच नाही. वळणावर किंवा गर्दीच्या चौकात याचे परिणाम काय होतील, हे सांगण्याची गरज नाही.

काळी माती, धूळ आणि पाऊस

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील या जिल्ह्याची काळी कसदार जमीन कापूस, सोयाबीन, तूर यांच्यासाठी वरदान आहे. यंत्रांसाठी मात्र ती कसोटीची आहे. या मातीतील चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म असतात, पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात शेतरस्त्यावरून उडणारी बारीक धूळ केबलच्या टोकांतून आत शिरते. पावसाळ्यात तीच माती चिखल होऊन लिव्हरच्या सांध्यांत, अ‍ॅडजस्टरच्या आट्यांत आणि मडगार्डजवळच्या केबलच्या तोंडाशी बसते. चिखल वाळला की त्याचे कवच तयार होते.

केबलच्या तोंडावरील रबरी टोपी फाटली असेल तर पाणी नळीत उतरते आणि केबलच्या सर्वांत खालच्या बाकात साचते. तेथून ते सहज बाहेर पडत नाही. आतील तारा त्या ठिकाणी गंजू लागतात. बाहेरून केबल नवीकोरी दिसत असताना आत गंज धरलेला असतो, तो असा.

उन्हाळ्यात येथे पारा अनेकदा ४४ अंशांच्या पुढे जातो. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या केबलचे प्लॅस्टिक आवरण कालांतराने कडक होते आणि त्याला चिरा पडतात. हातापायांना भेगा पडाव्यात तशा या चिरांतून पुढच्या पावसाचे पाणी थेट पोलादी नळीपर्यंत पोहोचते. उलट हिवाळ्यात पहाटेचे तापमान एक अंकी आकड्यापर्यंत उतरते, तेव्हा केबलमध्ये भरलेले जाड ग्रीस घट्ट होते आणि सकाळच्या वेळी क्लच विशेष जड लागतो.

गाडी धुण्याची पद्धतही कारणीभूत ठरते. वॉशिंग सेंटरवरील उच्च दाबाचा फवारा लिव्हर, अ‍ॅडजस्टर आणि केबलच्या टोकांवर थेट मारला तर पाणी आत घुसते आणि असलेले वंगण धुऊन निघते. डिझेल किंवा रॉकेलने गाडी पुसण्याची प्रथाही अशीच घातक आहे. त्याने तात्पुरती चमक येते, परंतु वंगण निघून जाते आणि रबरी टोप्या खराब होतात.

तपासणी कशी करावी

तपासणीसाठी कोणतेही खास उपकरण लागत नाही. इंजिन बंद ठेवून क्लचचा लिव्हर सावकाश दाबावा आणि सावकाश सोडावा. हालचाल एकसारखी असावी. मध्येच अडखळल्यासारखे, करकरल्यासारखे किंवा झटक्याने सुटल्यासारखे वाटले, तर आत घाण, गंज किंवा तुटलेली तार आहे असे समजावे.

त्यानंतर लिव्हरचा 'प्ले' पाहावा. लिव्हर दाबताना प्रत्यक्ष ओढ सुरू होण्यापूर्वीची जी मोकळी हालचाल असते, तिला प्ले म्हणतात. अनेक मोटारसायकलींमध्ये क्लच लिव्हरच्या टोकाशी तो १० ते २० मिलिमीटर आणि एक्सिलेटरच्या मुठीच्या कडेशी २ ते ६ मिलिमीटर ठेवण्यास सांगितलेले असते. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून सोबत मिळालेल्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. क्लचला प्ले अजिबात नसेल तर क्लच प्लेट पूर्ण दाबल्या जात नाहीत, त्या घसरतात आणि जळतात. प्ले जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खडखडत पडतात.

येथे एक नेहमीची चूक टाळावी. केबल जड लागली किंवा ब्रेक कमी लागला की अ‍ॅडजस्टर फिरवून ताण वाढवला जातो. ताण वाढवल्याने घर्षण कमी होत नाही, मूळ दोष मात्र झाकला जातो. आधी जडपणाचे कारण शोधावे, वंगण द्यावे आणि शेवटी प्ले जुळवावा, हाच योग्य क्रम होय.

एक्सिलेटरची तपासणी दोन टप्प्यांत करावी. इंजिन बंद असताना मूठ पूर्ण फिरवून सोडावी. ती ताबडतोब 'टक्' असा आवाज करून मूळ जागी यायला हवी. हँडल पूर्ण डावीकडे, मध्ये आणि पूर्ण उजवीकडे ठेवून तीनही स्थितींत हे पाहावे. त्यानंतर गाडी मोकळ्या हवेत, मेन स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवावे. वळवताना इंजिनचा आवाज वाढला तर केबल कोठेतरी ताणली जात आहे किंवा चुकीच्या मार्गाने बसवली आहे, असा त्याचा अर्थ होतो.

शेवटी लिव्हरजवळची रबरी टोपी सरकवून निप्पलच्या मानेशी दिसणारी तार उजेडात पाहावी. केबल बहुतांश वेळा येथेच तुटते. लिव्हर दाबताना निप्पल आपल्या खोबणीत किंचित फिरणे अपेक्षित असते. ते कोरडे पडून अडकले, की फिरण्याऐवजी तार त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकते. हाताने तार वारंवार वाकवून तोडावी, तसे हे घडते. दिवसातून शेकडो वेळा दाबल्या जाणाऱ्या क्लचमध्ये एकेक तार तुटत जाते आणि शेवटच्या काही तारा एके दिवशी एकदम तुटतात. खोबणीत लावलेले ग्रीसचे बोटभर टिपूस हे टाळू शकते.

वंगण कोणते वापरावे

वंगण हा शब्द मराठीत बैलगाडीच्या आसापासून रुळला आहे. आसाला जाड वंगण चालते म्हणून केबललाही चालेल, असे मात्र नाही. केबलमधील फट अतिशय लहान असते. तेथे पातळ आणि धूळ न धरणारे वंगणच उपयोगी पडते.

अस्तर असलेल्या केबलसाठी सिलिकॉन किंवा टेफ्लॉनयुक्त पातळ स्प्रे अथवा केबलसाठीच विकले जाणारे वंगण वापरावे. काही उत्पादक अशा केबलमध्ये कोणतेही वंगण घालू नये, असे पुस्तिकेत नमूद करतात. तसे असेल तर ती सूचना पाळावी आणि केबल जड झाल्यास बदलावी. अस्तर नसलेल्या जुन्या केबलला शिवणयंत्राचे पातळ तेल किंवा स्वच्छ इंजिन ऑइलचे काही थेंब पुरतात.

जाड ग्रीस नळीच्या आत भरू नये. ते धुळीशी मिसळून घासणाऱ्या लेपासारखे काम करते. ग्रीसची जागा बाहेर आहे : निप्पलची खोबण, लिव्हरचा पिव्होट बोल्ट आणि अ‍ॅडजस्टरचे आटे. तेथे लिथियम ग्रीस थोड्या प्रमाणात लावावे.

इंजिनमधून काढलेले जळके ऑइल फुकट मिळते, म्हणून ते सर्रास वापरले जाते. त्यात काजळी आणि धातूचे सूक्ष्म कण असतात. ते केबलमध्ये घालणे म्हणजे तिला आतून घासणे होय. घरातील खाद्यतेले काही दिवसांत चिकट होतात. खोबरेल तेल तर सुमारे २४ अंशांखाली गोठू लागते. परभणीच्या हिवाळी पहाटेत ते केबलमध्ये घट्ट होऊन बसेल. गंज सोडवणारे स्प्रे पाणी हटवण्यासाठी आणि आतील घाण सैल करण्यासाठी चांगले असतात, परंतु त्यांचा थर लवकर उडून जातो. ते वापरल्यावर टिकाऊ वंगण पुन्हा द्यावे लागते.

वंगण घालण्याची पद्धत

सर्वांत सोपे उदाहरण क्लच केबलचे आहे. लिव्हरजवळची रबरी टोपी मागे सरकवावी. लॉक नट सैल करून अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवावा. त्यामुळे केबल सैल होते. अ‍ॅडजस्टर, लॉक नट आणि लिव्हर या तिघांच्या फटी एका रेषेत आणल्या की आतील तार त्या फटीतून बाहेर काढता येते आणि निप्पल लिव्हरमधून सुटते. तार निघत नसल्यास इंजिनजवळचा अ‍ॅडजस्टरही सैल करावा.

आता केबलचे वरचे तोंड मोकळे झाले. जाड पॉलिथिनच्या पिशवीचा कोपरा कापून त्याचा नरसाळ्यासारखा शंकू करावा आणि तो केबलच्या तोंडाभोवती चिकटपट्टीने घट्ट बांधावा. त्यात चमचाभर तेल ओतून केबलचे तोंड उंच धरावे आणि आतील तार हळूहळू वर-खाली करावी. तेल आपल्या भाराने खाली उतरते. शक्य असल्यास केबल रात्रभर तशीच टांगून ठेवावी. खालच्या टोकातून आधी काळे, गंजमिश्रित तेल येते. स्वच्छ तेल येईपर्यंत क्रिया चालू ठेवावी आणि मग दोन्ही टोके कापडाने पुसावीत. स्प्रे वापरायचा असल्यास केबलच्या तोंडावर बसणारा लहानसा क्लॅम्प सुट्या भागांच्या दुकानांत मिळतो. त्याच्या छिद्रात स्प्रेची नळी लावली की वंगण दाबाने आत जाते आणि काम काही मिनिटांत होते.

जोडणी उलट क्रमाने करावी. निप्पलच्या खोबणीत ग्रीस लावावे, पिव्होट बोल्ट पुसून त्यालाही ग्रीसचा हात द्यावा, प्ले जुळवावा आणि लॉक नट घट्ट करावा. अ‍ॅडजस्टरची फट आणि लॉक नटची फट एका रेषेत राहू देऊ नये, अन्यथा त्यातून पाणी व धूळ आत जाते. रबरी टोपी जागेवर नीट बसल्याची खात्री करावी.

प्रत्येक केबलची वेगळी काळजी

एक्सिलेटर केबलमध्ये तेल कमीत कमी वापरावे. खालचे टोक कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीपाशी असते, तेथे तेल आणि घाण साचू देऊ नये. काही गाड्यांना ओढणारी व परत आणणारी अशा दोन केबल्स असतात. त्या जोडताना त्यांची अदलाबदल होता कामा नये. मुठीच्या आतील प्लॅस्टिकची नळी व हँडलचा पाइप यांच्यातही धूळ अडकते, ती पुसून काढावी. पूर्वी हे काम केले नसेल तर एक्सिलेटरची केबल कुशल मेकॅनिककडूनच उघडून घ्यावी.

ब्रेक केबलला वंगण देताना खालचे टोक ड्रमवरील आर्मपासून सोडवून घ्यावे, जेणेकरून ओघळणारे तेल ड्रममध्ये जाणार नाही. ब्रेक लायनरला तेल लागले तर ब्रेक निकामी होतो. लायनर पुसून त्याचा मूळ गुण परत येत नाही. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे अधिक काम पुढचे चाक करते. म्हणून पुढच्या ब्रेकची केबल 'तशीही वापरत नाही' म्हणून दुर्लक्षित ठेवणे योग्य नाही. जोडणीनंतर चाक उचलून ते मोकळे फिरते का, हेही पाहावे.

स्कूटरच्या मागच्या ब्रेकची केबल हँडलपासून पायाखालून थेट मागच्या चाकापर्यंत जाते. लांबी आणि वळणे अधिक असल्याने तिच्यात घर्षणही अधिक असते, शिवाय चाकाचा चिखल तिच्या मागच्या टोकावर उडतो. या टोकाची तपासणी प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी आग्रहाने करवून घ्यावी.

जुन्या गाड्यांतील स्पीडोमीटरची केबल ओढली जात नाही, ती नळीत फिरते. तिला हलके ग्रीस चालते. मात्र मीटरकडील वरचा सुमारे १५ सेंटिमीटर भाग कोरडा ठेवावा, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढते.

केबल कधी बदलावी

वंगण हा झिजलेल्या केबलवरचा उपाय नाही. आतील एक जरी तार तुटलेली दिसली, बाहेरील आवरण फाटून पोलाद उघडे पडले, केबलला पीळ किंवा तीव्र घडी पडली, निप्पल सैल झाले अथवा वंगण दिल्यानंतरही जडपणा राहिला, तर केबल बदलावी. तुटलेली तार नळीत वर उलटून पाचर बसावी तशी अडकते. हे एक्सिलेटरच्या केबलमध्ये घडले तर मूठ उघडीच राहू शकते.

प्रवासी मोटारसायकलींची केबल काही शे रुपयांत मिळते. त्यामुळे थोड्या बचतीसाठी हलक्या प्रतीची केबल घेऊ नये. नवी केबल जुन्या केबलच्याच मार्गाने, त्याच क्लिपांमधून आणि हेडलाइटच्या वायरिंगपासून मोकळी राहील अशी बसवावी. मार्ग चुकला तर उत्तम केबलही लवकर खराब होते.

वाटेत केबल तुटल्यास

परभणी शहरात जिंतूर रोड, वसमत रोड किंवा गंगाखेड रोडवर गॅरेज जवळच सापडते. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील आडवळणाच्या रस्त्यावर संध्याकाळी तशी सोय होईलच असे नाही.

क्लच केबल तुटल्यास गाडी कडेला घेऊन न्यूट्रलमध्ये थांबावे. अनुभवी चालक न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून, गाडीला पायाने गती देऊन पहिला गिअर टाकतात आणि संथपणे जवळच्या गावापर्यंत पोहोचतात. यात गाडी झटक्याने पुढे जाते. म्हणून गर्दीत, चढावर किंवा मागे कोणी बसलेले असताना हा प्रयोग करू नये.

एक्सिलेटर अडकल्यास घाबरून न जाता क्लच दाबावा, इंजिन बंद करण्याचे बटण किंवा चावी 'ऑफ' करावी आणि ब्रेक लावत गाडी कडेला घ्यावी. चावी फिरवताना हँडल लॉक होणार नाही, याची दक्षता घ्यावी. ब्रेकची केबल तुटली असेल तर दुसऱ्या ब्रेकच्या भरवशावर प्रवास पुढे रेटू नये.

लांबच्या प्रवासाला जाणारे काही चालक क्लचची जादा केबल जुन्या केबलच्या सोबतच, त्याच मार्गाने बांधून ठेवतात. तुटण्याची वेळ आली तर केवळ दोन टोके बदलावी लागतात. सीटखाली एक केबल, एक पक्कड आणि लॉक नटच्या मापाचा पाना एवढे साहित्य असले तरी अंधाऱ्या रस्त्यावरची पायपीट वाचते.

वेळापत्रक

उत्पादकाने सांगितलेले सर्व्हिसिंगचे अंतर सर्वसाधारण रस्त्यांसाठी असते. धूळ आणि चिखलात चालणाऱ्या गाडीची केबल त्याहून लवकर तपासावी लागते. किलोमीटर लक्षात राहत नसतील तर येथील ऋतुचक्राशी ही निगा जोडणे सोयीचे ठरते.

पहिली तपासणी मृगाच्या आधी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस करावी. फाटलेल्या रबरी टोप्या आणि चिरलेल्या केबल्स या वेळी बदलाव्यात, कारण पुढील चार महिने पाणी आत शिरण्याचे असतात. दुसरी तपासणी पावसाळा सरल्यावर करावी. खंडेनवमीला अवजारांबरोबर गाडीचीही पूजा होते. त्या निमित्ताने गाडी धुतली जातेच, त्याच दिवशी केबलमधील चिखल-पाणी काढून नवे वंगण द्यावे. तिसरी तपासणी होळीच्या सुमारास, धुळीचे दिवस सुरू होण्यापूर्वी करावी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळण्याची रीत ज्या घरांत आहे, त्या घरांना वर्षभर राबणाऱ्याची निगा कशी राखावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

या निगेला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम १९० नुसार, चालकाला माहीत असलेला किंवा साध्या दक्षतेने लक्षात येऊ शकला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा गुन्हा आहे. निप्पलपाशी तुटलेली तार आणि सोडल्यावर परत न येणारी मूठ हे दोष रबरी टोपी सरकवून किंवा मूठ एकदा फिरवून कोणालाही दिसू शकतात. गाडी घराबाहेर काढण्यापूर्वी दोन्ही लिव्हर एकदा दाबून आणि मूठ एकदा फिरवून पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. मागे बसणाऱ्या कुटुंबीयांच्या दृष्टीने एवढा वेळ देणे कधीही श्रेयस्कर होय.